खड्डा बुजवणाऱ्याचा वाटा

मी, मर्टल थर्केटल, कै. सेसिल थर्केटल यांची पत्नी, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा खाटीककाम, आता बंद, राहणार स्किलिंगहॅम, नॉरफक, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे आणि तो कागद सोबत जोडला आहे. हृदयाची एक झडप निकामी झाली आहे आणि यंदाचा हिवाळा निघाला तर नशीब, असेही त्यांनी सांगितले. ते मात्र लिहून दिले नाही. मला राग आहे, हे मी लपवत नाही. सात वर्षे आहे. पण रागात लिहिणे म्हणजे वेडात लिहिणे नव्हे, आणि उद्या कोणी वकील तसे म्हणू लागला तर त्याने हे पान पुन्हा वाचावे. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, सगळे सेसिलच्या नावाने. ते मी शेकोटीत घातले.

कलम पहिले: घर. चर्च गल्लीतले माझे घर, मागची बाग आणि कोंबड्या धरून, माझ्या बहिणीची मुलगी रोवीना हिला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. अट एकच: तिच्या बापाने उंबरठ्याच्या आत पाय टाकायचा नाही. कारण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. सेसिल गेल्यानंतरच्या पहिल्या ख्रिसमसला हा गृहस्थ माझ्या टेबलावर बसून, मी भाजलेली टर्की खात म्हणाला, "मातीत नाणी हुंगत हिंडणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार?" माझ्या हातात मांस धरायचा दोन दातांचा काटा होता. तो मी त्याच्या पंजातून आरपार टेबलात रोवला. टेबलाला दोन भोके आहेत. रोवीनाने ती बुजवू नयेत.

कलम दुसरे: हत्यारे. दुकानातले तीन सत्तूर, हाडाची करवत, आकडे आणि धार लावायचा दगड डोरीन टडनम हिला द्यावेत. डोरीनची शेती ओढ्यापलीकडे आहे. ती आपली डुकरे स्वतः कापते आणि नीट कापते, जनावराला हाल न होऊ देता. मोठ्या सत्तुराची मूठ जरा ढिली आहे. दुकानात शिरलेल्या एका चोरावर मी तो फेकला होता. तो चोराला न लागता चौकटीला लागला, याचे मला अजून वाईट वाटते.

कलम तिसरे: बँकेतली शिल्लक. अंत्यविधीचा खर्च भागवून उरेल ते रोवीनाचे. अंत्यविधीनंतर बेरिल हॉलेट हिच्या पबमध्ये सर्वांना एकेक ग्लास द्यावा. रोवीनाच्या बापाला पाणी.

कलम चौथे: यंत्रे. माझ्याकडे दोन मेटल डिटेक्टर आहेत. माझा रोवीनाने ठेवावा, वाटल्यास विकावा. सेसिलचा माझ्याबरोबर शवपेटीत ठेवावा, पण बॅटऱ्या काढून, नाहीतर पेटीच्या खिळ्यांवर गुरगुरत बसेल.

हे गुरगुरणे काय ते सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. हेडफोन कानावर चढवून यंत्राची चकती जमिनीवरून फिरवली की चांदीला ते गाते, तांब्याला जरा जाड आवाजात बोलते आणि लोखंडाला गुरगुरते. लोखंड कोणालाच नको असते. म्हणून यंत्राला एक बटण आहे. ते दाबले की लोखंडाचा आवाज बंद. डोरीनच्या भट्टीच्या शेतात तर ते बटण दाबल्यावाचून कोणी पाऊल टाकत नाही. तिथे कधीकाळी लोहाराची भट्टी होती, आता मेंढ्यांचे कुरण आहे, आणि गवताखाली नुसते खिळे आहेत. बटण न दाबता फिरले तर डोके उठते.

सेसिल आणि मी त्या शेतात पंचवीस वर्षे शनिवार-रविवार घालवले. आठवडाभर दुकानात रक्त आणि हाडे, शनिवारी सकाळी गरम चहाचा थर्मास, डुकराचे मांस भरलेली पाई आणि ते शेत. माझ्या आयुष्यातला चांगला भाग कोणता असे कोणी विचारले तर तोच. परवानगी डोरीनने फक्त आम्हाला दिली होती. जे सापडेल त्यातले अर्धे तिचे, अर्धे आमचे, मोठे काही सापडले तर वाटणीआधी तिला आणि कोरोनरला, म्हणजे गुप्तधनाची नोंद घेणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवायचे, आणि खड्डा बुजवल्याशिवाय जागेवरून हलायचे नाही. गवताची ढलपी तीन बाजूंनी कापायची, झाकणासारखी उलटायची, काम झाले की माती आत, ढलपी गवत वर करून जागेवर, आणि टाचेने दोन ठोके. आम्हा नाणेशोधकांतल्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी शिकवतात. सेसिल तर दुसऱ्याचा उघडा खड्डा दिसला तरी शिव्या घालत घालत बुजवायचा.

कलम पाचवे: चांदीची पेनी. ती माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. शेकडो वर्षांपूर्वीची आहे, तिच्यावर कुरळ्या केसांचा राजा आहे. तीही डोरीनला द्यावी. ती माझ्याकडे कशी आली ते लिहिते.

सात वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातला रविवार. मी घरी सोमवारच्या गिऱ्हाइकांसाठी पाई भाजत होते, सेसिल एकटा शेतात गेला होता. चहाला आला नाही म्हणून मी गेले. तो गुडघ्यांवर बसल्या बसल्या पुढे पडला होता, कपाळ गवतात, हेडफोन कानांवर तसेच. कवटी मागून फुटली होती. एका घावाने नव्हे. मारणाऱ्याने सेसिल पडल्यावरही मारले होते. फुटलेल्या हाडाच्या आत काय दिसते ते मी आयुष्यभर पाहत आले. माणसाचे निराळे नसते. जखमेच्या कडेला करवतीसारख्या दातऱ्या खुणा होत्या. मागून येणाऱ्याची चाहूल त्याला लागलीच नसणार. हेडफोन लावले की मातीखालचे सगळे ऐकू येते आणि मातीवरचे काहीच नाही.

मी त्याचे डोके मांडीवर घेऊन बसले. ते एका हातात धरता येत नव्हते. आणि मग मला त्याच्या पुढ्यातला खड्डा दिसला. म्हणजे खड्डा दिसला नाही. तो बुजवलेला होता. ढलपी गवत वर करून बसवलेली, टाचेचे दोन ठोके. खणायला गुडघ्यांवर बसलेला माणूस खणता खणता मेला, आणि त्याचा खड्डा मात्र बुजलेला. मला तिथेच कळले की हे आपल्यातल्याच कोणाचे तरी काम आहे. हात रक्ताने भरलेले असतानाही त्याने खड्डा बुजवला, सवयीने.

तपास इन्स्पेक्टर पॅट्रिक मेस यांच्याकडे होता. ते या टेबलावर बसून म्हणाले, "मिसेस थर्केटल, चोरून खणणाऱ्या टोळ्या या भागात फिरतात. सगळ्यांचा संशय त्यांच्यावरच आहे."

"त्या टोळ्या खड्डे बुजवतात का हो?"

"नाही. शेत उकरून ठेवतात आणि पळतात."

"मग?"

"मग मला तुमचं पटतं," मेस म्हणाले. "पण बुजवलेला खड्डा घेऊन मी कोर्टात उभा राहू शकत नाही."

पोलिसांनी तो खड्डा पुन्हा खणला. तळाशी मडक्याची खापरे निघाली आणि त्यांच्या आतल्या बाजूला नाण्यांचे गोल डाग. नाणी गेलेली. माती मी स्वतः चाळली, तेव्हा ही एक पेनी मिळाली, चोराच्या हातून निसटलेली. डोरीनला तिचा अर्धा वाटा द्यायला गेले तर ती म्हणाली, "अगं बाई, नाण्याचे काय दोन तुकडे करतेस? ठेव तुझ्याकडे. मेलीस की दे." म्हणून हे कलम.

कलम सहावे: खिळे. माझ्या शेडमध्ये रंगाचे रिकामे डबे खिळ्यांनी भरून ठेवले आहेत. ते आमच्या नाणेशोधकांच्या क्लबला द्यावेत आणि प्रत्येक सभासदाला ओंजळ ओंजळ वाटावेत. का, तेही वाचून दाखवावे.

या क्लबचा अध्यक्ष ग्रॅहम लार्टर. आधी विमा विकायचा, आता स्वतःचे कान मिरवतो. "माझ्या चकतीखालून काही सुटत नाही," हे त्याचे पालुपद. दुसऱ्याने चालून झालेल्या पट्ट्यातून पुन्हा चालायचे, सदऱ्याचे एखादे जुने बटण उकरून काढायचे आणि पबमध्ये सगळ्यांदेखत त्या माणसापुढे ठेवायचे, ही त्याची मजा. त्याच्याकडून काही सुटले असे कोणी गंमतीने म्हटले तरी त्याचे कान लाल होत. भट्टीचे शेत मिळावे म्हणून तो वर्षानुवर्षे डोरीनच्या मागे होता. डोरीनने एकदाच त्याला येऊ दिले होते. त्याने फाटक उघडे टाकले आणि तिच्या मेंढ्या हमरस्त्यावर गेल्या. त्यानंतर तिने त्याला पुन्हा पाऊल ठेवू दिले नाही. सेसिलजवळही तो कुरकुरायचा. "तू एकटाच तिथं गिळत बसतोस," असे त्याने माझ्यासमोर म्हटले आहे.

त्याच्याकडे एक खास फावडे होते. मुळे कापायला म्हणून पात्याची एक कड त्याने कानसीने घासून दातेरी केली होती. सेसिलच्या जखमेवरच्या खुणांचे कळल्यावर मेस यांनी त्याला विचारले. लार्टरने हळहळून सांगितले की ते फावडे महिनाभरापूर्वीच गाडीतून चोरीला गेले, आणि ते खरे वाटले, कारण चोरीचे रडगाणे त्याने पबमध्ये सगळ्यांना तेव्हाच ऐकवले होते. ते का ऐकवले होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. भट्टीच्या शेतात चोरून खणायची त्याची तेव्हापासूनच तयारी होती, दातेरी कडेच्या खुणा कोणाला दिसल्या तरी नाव चोराचे व्हावे म्हणून.

मग पोलिसांनी हत्यार शोधायला क्लबची मदत मागितली. सगळे सभासद हेडफोन घालून ओळीत उभे राहिले, मीसुद्धा. लार्टर पुढे येऊन म्हणाला, "मंडळी, लोखंडाचं बटण नेहमीसारखं दाबून ठेवा. नाहीतर भट्टीचे खिळे तुम्हाला संध्याकाळपर्यंत वेडं करतील." आणि आम्ही सगळ्यांनी दाबले! लोखंडी पाते शोधायला निघालेली आम्ही शहाणी माणसे, लोखंडाचा आवाज बंद करून चालत गेलो. त्या शेतात बटण दाबायचे असते, म्हणून दाबले. पोलिसांना यंत्रातले काही कळत नव्हते; आवाज आला नाही म्हणजे काही नाही, असे त्यांनी लिहून घेतले. दोन्ही टोकांचे पट्टे लार्टरने स्वतःकडे घेतले होते, एक फाटकाचा आणि एक ओकच्या झाडाचा.

या मार्चमध्ये डॉक्टरांनी मला झडपेचे सांगितले. मी घरी आले, यंत्र घेतले, शेतात गेले आणि बटण दाबले नाही. जायचेच आहे तर या शेतातले लोखंडही सोडायचे नाही, असे मला वाटले, रागानेच वाटले. दर शनिवार-रविवार खणले. खिळे, नाल, साखळीच्या कड्या, पुन्हा खिळे. तेच हे डबे. गवत कापून उन्हाळा सरला तेव्हा मी ओकखाली पोहोचले. तिथे यंत्र लांबलचक गुरगुरले. हातभर खोल गेले तर पाते निघाले. दांडा कापून टाकलेला, गंज चढलेला, पण कड दातेरी.

मी ते पाते तिथेच कुशीत घेऊन रडले. मग घरी येऊन मोठा सत्तूर बाजाराच्या पिशवीत घातला आणि लार्टरच्या घरी चालत गेले. त्याने सपाता घालून दार उघडले. "अगं मर्टल! ये ना, चहा टाकतो," म्हणाला आणि किटली भरायला माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याच्या मानेचा कोणता मणका कुठे सुटतो ते मला दिसत होते. एक घाव पुरला असता. हात पिशवीत गेलाही होता. आणि मला चर्च दिसले, फुले दिसली, बिचारा ग्रॅहम, त्या वेड्या खाटकिणीने मारला म्हणून रडणारे गाव दिसले. सेसिलला कोणी मारले ते मग कायमचे तसेच राहिले असते. मी चहा प्यायले. बिस्कीटही खाल्ले. घरी येऊन सत्तूर जागेवर ठेवला.

मेस साहेब आता निवृत्त आहेत. त्यांना पाते दाखवले. त्यांनी दातेरी कडेवरून अंगठा फिरवून पाहिला.

"हे त्याचंच," मी म्हटले. "आता तरी?"

"तो म्हणेल, चोरीला गेलेलं फावडं चोरानंच वापरलं आणि चोरानंच पुरलं. आणि कोर्ट मान डोलावेल."

"मग काय हवंय तुम्हाला?"

"त्याच्या तोंडून एखादी अशी गोष्ट, जी पुरणाऱ्यालाच ठाऊक असते. आणि ऐकायला साक्षीदार."

कलम सातवे: ग्रॅहम लार्टर. आमच्या क्लबात वर्षातून एकदा पेरणी असते. म्हणजे आधी दोघेतिघे जाऊन गवताखाली नाणी पुरून येतात आणि मग सभासदांना शेतात सोडतात. येत्या रविवारी मीही पेरणी करणार आहे. ओकपासून दूर, शेताच्या दुसऱ्या टोकाला, फाटकाजवळच्या मेंढ्यांच्या हौदापाशी मी ते पाते पुरणार आहे आणि त्याच्या वर ही पेनी. पेनी गाईल. लार्टरला मी निरोप दिला आहे की माझे काही खरे नाही, शेताची परवानगी माझ्यानंतर त्याला मिळावी असे डोरीनच्या कानावर घातले आहे, एकदा येऊन फिरून जा. तो फोनवर इतका गहिवरला की नाक शिंकरल्याचे ऐकू आले.

त्याला काय द्यायचे ते रविवारी ठरेल. मृत्युपत्रात जागा कोरी सोडू नये हे मला ठाऊक आहे. तरी सोडते.

ग्रॅहम लार्टर यास: ______________________

हे सर्व मी स्वखुषीने लिहिले, वाचले, आणि एकही शब्द मऊ केला नाही. डोरीनला वाटा देत असल्यामुळे ती साक्षीदार होऊ शकत नाही. ज्यांना काही मिळणार नाही अशा दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. त्यांनी रुसू नये.

सही: मर्टल थर्केटल
साक्षीदार: पॅट्रिक मेस, निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर
साक्षीदार: बेरिल हॉलेट, पबची मालकीण
स्किलिंगहॅम, शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५


पुरवणी

वरील मृत्युपत्राची ही पुरवणी मी इस्पितळातल्या खाटेवरून सांगत आहे आणि बेरिल लिहून घेत आहे, कारण माझे उजवे गळ्याचे हाड मोडले आहे. डोके अजूनही ठिकाणावर आहे. नर्सने तपासले.

रविवारी लार्टर आला, नवे फावडे आणि सँडविचेस घेऊन. मी सेसिलचे फावडे टेकून फाटकाशी उभी होते. हौदालगत डोरीनची मेंढ्या न्यायची बंद गाडी लावलेली होती. तिच्यात डोरीन, मेस आणि त्यांच्या ओळखीची नोकरीतली एक पोलीस बाई, लेंड्यांत पाय रोवून बसली होती.

लार्टरने चकती फिरवली, चार पावलांत थांबला. चेहरा उजळला. गुडघ्यांवर बसून ढलपी उलटली आणि पेनी वर काढली. तिच्यावरचा राजा पाहिला मात्र, त्याची बोटे थांबली. त्या राजाला तो ओळखत होता. पण खाली आणखी काही आहे असे त्याला वाटले असणार. तो खणू लागला. फावडे लोखंडावर खणकले. पाते निघाले. त्याने हेडफोन मानेवर ओढले.

"हे... हे माझं चोरीला गेलेलं," तो म्हणाला. मानले पाहिजे, क्षणात सावरला. "बघ मर्टल, मी तेव्हापासून सांगत होतो. चोरांचंच काम."

"चोरांचंच असणार," मी म्हटले. "सेसिलला मारलं, फाटकाकडे पळाले, जाता जाता इथं पुरलं. पण काय रे ग्रॅहम, शोध घेतला त्या दिवशी हा पट्टा कोणाकडे होता?"

"का?"

"तुझ्याकडेच होता. वीतभर मातीखाली एवढं मोठं पातं, आणि तुझ्या चकतीखालून सुटलं! तुझ्या! सात वर्षं आम्हाला उकरलेली बटणं दाखवून हसतोस. पबमध्ये सांगू दे मला, हसून हसून मरतील."

त्याचे कान लाल झाले.

"बटण दाबलेलं होतं सगळ्यांनी."

"तू दाबलं होतंस? एवढा कानांचा राजा तू?"

"मी नव्हतं दाबलं!" तो ओरडला. "मी उघड्या आवाजात दोनदा चाललोय इथून, दोनदा! इथं काही नव्हतं. हे इथलं नाहीच. हे ओकखाली..."

त्याने जीभ चावली.

"ओकखाली काय, ग्रॅहम?"

त्याने माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिले.

"म्हातारे," तो म्हणाला, "त्यालाही सांगितलं होतं मी, दोघांत वाटून घेऊ म्हणून. तो म्हणाला, आधी डोरीन, मग कोरोनर. आणि पुन्हा हेडफोन चढवून माझ्याकडे पाठ केली. पाठ केली माझ्याकडे!" आणि एका गुडघ्यावर उठत त्याने नवे फावडे फिरवले. ते डोक्यासाठी होते. मी वळले म्हणून खांद्यावर बसले. हाड मोडल्याचा आवाज मला आधी आला आणि कळ नंतर. मी डाव्या हाताने सेसिलचे फावडे त्याच्या गुडघ्याच्या वाटीखाली घातले. सांधा कुठे उघडतो हे मला शिकवावे लागत नाही. तो किंचाळत खड्ड्यावर पालथा पडला, कपाळ गवतात, मान माझ्या पुढ्यात. अगदी तसाच.

मी फावडे वर उचलले. गाडीचे दार आदळले, डोरीन ओरडत आली, "मर्टल, नको! ऐकलंय आम्ही! सगळं ऐकलंय!"

मी हात आखडला. दयेने नव्हे, हे स्पष्ट लिहावे. बेरिल, नीट लिही. दया माझ्या मनात कुठे नव्हती. त्याचे हेडफोन मानेवर होते आणि कान उघडे होते. सेसिलला काहीच ऐकू आले नव्हते. याला सगळे ऐकू यायला हवे होते: बेड्या, माझे नाव, सेसिलचे नाव, न्यायाधीश, आणि रोज लागणारे दार. तेवढ्यात डोरीन त्याच्या पाठीवर बसली. डोरीन हलकी नाही.

लार्टरच्या घरी पोलिसांना बाकीची नाणी मिळाली, लोकरी मोज्यात बांधून माळ्यावर ठेवलेली. एकही विकायची त्याची छाती झाली नाही, कोणाला दाखवताही आले नाही. सेसिलचा जो वाटा कायद्याने ठरेल तो मी कोणत्याही संग्रहालयाला देते, एका अटीवर. काचेखालच्या चिठ्ठीवर लिहायचे: शोधणारा, सेसिल थर्केटल, खाटीक. पेनी कोर्टातून सुटली की डोरीनची.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मी डोरीनला म्हटले, "आधी खड्डा बुजव."

मेस म्हणाले, "नाही, मिसेस थर्केटल. तो आता पुरावा आहे. उघडाच राहील."

पंचवीस आणि सात वर्षांत पहिल्यांदाच मी त्या शेतातून खड्डा उघडा टाकून निघाले. ते मला हाडापेक्षा जास्त दुखले.

म्हणून कलम सातमधली कोरी जागा अशी भरावी: ग्रॅहम लार्टर यास, कोर्टाचे काम संपल्यावर, तो हौदाजवळचा खड्डा. तुरुंगातून कधी जिवंत सुटला तर त्याने येऊन तो स्वतःच्या हाताने बुजवावा. तोवर डोरीनने त्याभोवती काटेरी तार लावावी, मेंढ्या पडू नयेत.

आणि शेवटचे. मला सेसिलशेजारी पुरावे. तो खड्डा उघडा ठेवू नये, चर्चच्या माणसांवर सोडू नये. डोरीनने बुजवावा. माती आत, गवत वर, आणि टाचेने दोन ठोके. जोरात. मला ऐकू येतील असे.

सही, डाव्या हाताने: मर्टल थर्केटल
साक्षीदार: पॅट्रिक मेस
साक्षीदार व लेखनिक: बेरिल हॉलेट
जिल्हा इस्पितळ, हाडांचा विभाग, गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५